फलकावरचे फोटो आणि आपल्या लेकरांची संधी

मे-जून जवळ आला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्यांचा रंग बदलतो. बियाणं-खताच्या जोडीला एक नवी मागणी आता दर वर्षी येते, ती म्हणजे शाळेच्या फीची. कुणाला नातवाला इंग्रजी शाळेत घालायचंय. कुणाची मुलगी दहावी झालीय, तिला शहरातल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजात पाठवायचंय. कारण विचारलं तर उत्तर बहुतेक एकच असतं. ‘तिथल्या मुलांचे नंबर लागतात. आयआयटीला लागतात, डॉक्टरकीला लागतात.’

आईला आपलं लेकरू पुढे जावं असं वाटणारच, आणि त्यासाठी ती कर्ज काढते यातही काही वावगं नाही. पण म्हैस घेताना आपण दूध स्वतः काढून बघतो, दात बघतो, चार जणींना विचारतो. शाळेच्या बाबतीत मात्र रस्त्यावरचा फलक बघून निर्णय होतो. म्हणून आज आपण एवढंच समजून घेऊ की खासगी शाळेत शिकलेल्या मुलाला मोठ्या कॉलेजात जागा मिळण्याची शक्यता किती असते, आणि ती घरबसल्या कशी जोखायची.

दार किती अरुंद आहे?

आधी दाराचं माप घेऊ. इंजिनिअरिंगमध्ये सगळ्यात अवघड दार आयआयटीचं. देशात २३ आयआयटी आहेत. तिथे जायचं तर आधी जेईई मेन ही परीक्षा द्यायची. त्यातून वर आलेल्या साधारण अडीच लाख मुलांना जेईई ॲडव्हान्स्ड देता येते. २०२५ साली जेईई मेनला बसली जवळपास पावणेपंधरा लाख मुलं. ॲडव्हान्स्डला प्रत्यक्ष बसली १ लाख ८० हजार. त्यातून पात्र ठरली ५४ हजार. आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा होत्या १८ हजारांच्या थोड्या वर. म्हणजे पहिल्या परीक्षेला बसलेल्या साधारण ऐंशी मुलांमागे एक जागा.

डॉक्टरकीचं दार नीटचं. २०२५ साली नीटला बसली २२ लाख मुलं. पात्र ठरली १२ लाख ३६ हजार. आता इथे थांबा, कारण सगळा घोळ या ‘पात्र’ शब्दात आहे. देशात एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी कॉलेजांत, जिथली फी आपल्यासारख्यांना झेपते. उरलेल्या खासगी कॉलेजांत वर्षाची फीच लाखांत जाते. म्हणजे पात्र झालेल्या दहा मुलांमागे एक जागा, आणि सरकारी म्हणाल तर वीस मुलांमागे एक.

पात्र होणं म्हणजे यात्रेच्या एसटीसाठी रांगेत उभं राहायची परवानगी मिळणं. गाडीत जागा मिळाली असा त्याचा अर्थ नाही. २०२५ साली खुल्या गटातल्या मुलाला पात्र व्हायला ७२० पैकी १४४ गुण पुरेसे होते, राखीव गटाला त्याहूनही कमी. शेकडा वीस गुणांचं मूल पात्र होतं, पण सरकारी एमबीबीएसच्या जागेपासून ते फार लांब असतं. तेव्हा एखाद्या शाळेनं ‘आमचे ६० विद्यार्थी नीट पात्र’ असं छापलं, तर लगेच विचारायचं : ‘बरं, त्यातल्या किती जणांना सरकारी एमबीबीएसला प्रवेश मिळाला?’

शाळेचं नाव तिथे कुणी विचारतं का?

नाही विचारत. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. जेईई असो, नीट असो, की आपल्या राज्याची एमएचटी-सीईटी असो, पेपर तपासणाऱ्या संगणकाला मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलंय की बसनं जाणाऱ्या शाळेतून, हे कळत नाही. गणवेशाचे गुण नाहीत, टायचे गुण नाहीत. बारावीच्या गुणांची एक अट असते. आयआयटी प्रवेशाला ७५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के, किंवा आपल्या बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत यावं लागतं. तेवढी अट पुरी झाली की पुढचं सगळं परीक्षेवर.

मोबाईलवर आपण अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांच्या गोष्टी ऐकतो. तिथली पद्धत वेगळी आहे. तिथे गुणांबरोबर शाळेनं दिलेलं शिफारसपत्र, मुलानं लिहिलेला निबंध, खेळ, छंद हे सगळं बघतात. २०२३ साली राज चेट्टी आणि त्यांच्या सोबतच्या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या बारा नामांकित कॉलेजांचा अभ्यास मांडला. परीक्षेचे गुण सारखे असूनही अतिश्रीमंत घरातल्या मुलाचा तिथे पोचण्याचा संभव मध्यम घरातल्या मुलाच्या दुपटीहून जास्त निघाला. महागड्या खासगी शाळांची शिफारस हे त्यामागचं एक कारण. तिकडे शाळेच्या नावाचं वजन पडतं. आपल्या प्रवेश परीक्षांत ते पडत नाही. म्हणून ‘मोठ्या शाळेचं नाव पुढे कामी येतं’ असं कुणी सांगितलं, तर आयआयटी आणि एमबीबीएसपुरतं ते खरं नाही.

एक सावधगिरीची गोष्टही इथेच सांगतो. ‘आमच्याकडे मॅनेजमेंटच्या जागा आहेत, नीटची गरज नाही’ असं सांगणारे दलाल फिरतात. नीटशिवाय एमबीबीएस नाही. खासगी कॉलेजातल्या संस्थेच्या कोट्यातल्या जागेलाही नीट लागतेच. अशा माणसाच्या हातात एक रुपयाही देऊ नका.

मग खासगी शाळेनं फरक पडतो तरी किती?

शाळेचं नाव चालत नसलं, तरी शाळेत शिकवणं चांगलं असेल तर मूल पुढे जाईलच ना? बरोबर. पण खासगी म्हणजे चांगलं, हे आपण न तपासताच धरून चालतो.

याची एक चांगली पारख आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत झाली आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोन अभ्यासकांनी ती केली. खेड्यातल्या ज्या आईबापांना लेकरू खासगी शाळेत घालायचं होतं, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून काही मुलं निवडली आणि त्यांची फी भरली. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही, ती सरकारी शाळेतच राहिली. चिठ्ठीनं निवड झाल्यामुळे दोन्हीकडची मुलं सारख्याच घरांतली होती. दोन वर्षांनी आणि परत चार वर्षांनी परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणितात दोन्हीकडच्या मुलांत फरक निघाला नाही. हिंदीत खासगीतली मुलं पुढे होती, कारण खासगी शाळेत हिंदी शिकवत होते आणि सरकारी शाळेत त्या वर्गांना हिंदी नव्हतीच. खासगी शाळा एका मुलामागे सरकारीपेक्षा पुष्कळ कमी खर्च करत होत्या, हेही दिसलं. म्हणजे त्या काम स्वस्तात करत होत्या, पण जास्त करत नव्हत्या.

हा अभ्यास लहान वर्गांचा आणि आंध्रचा आहे. आपल्या तालुक्यातली शाळा याहून चांगली असेल किंवा वाईटही असेल. पण एक गोष्ट त्यातून कळते. खासगी शाळेतली मुलं हुशार दिसतात, त्यात शाळेचा वाटा किती आणि घराचा वाटा किती, हे वेगळं काढून बघायला हवं. ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत, पुस्तकं आहेत, मुलाला शेळ्यांमागे जावं लागत नाही, ते मूल कुठेही जरा पुढेच असतं. आणि अशाच घरांतली मुलं खासगी शाळेत जास्त जातात.

शेतीतलंच उदाहरण घ्या. कुणी निवडक, टपोरं बियाणं घेऊन पेरलं आणि उगवण चांगली झाली, तर त्याचं सगळं श्रेय जमिनीला द्याल का? अकरावीच्या ‘स्पेशल बॅच’चं असंच असतं. दहावीला ९५ टक्के मिळवलेली मुलं आधी चाळणी लावून घ्यायची, काहींना तर फीसुद्धा माफ करायची, आणि त्यांचे नंबर लागले की फलकावर सांगायचं, आम्ही घडवली. त्याच कॉलेजात शेजारच्या तुकडीत पूर्ण फी भरून बसलेली आपली मुलगी त्या फलकावर कुठेच नसते. शिकवणारे वेगळे, परीक्षा वेगळ्या, फी मात्र तीच.

फलक कसा वाचायचा?

फलकावर वरचा आकडा असतो, खालचा नसतो. ‘सहा मुलं आयआयटीत.’ पण कितीपैकी सहा?

समजा, एका कॉलेजात दोनशे मुलं होती आणि सहा जणांना आयआयटी मिळाली. दुसऱ्या लहान कॉलेजात चाळीस मुलं होती आणि दोघांना मिळाली. फलकावर पहिलं मोठं दिसतं. पण हिशेब केला तर पहिल्यात शंभरात तीन, दुसऱ्यात शंभरात पाच. आणि पहिल्यातही शंभरातले सत्त्याण्णव जण कुठे गेले, हा प्रश्न उरतोच. आपलं लेकरू त्या सत्त्याण्णवांत असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून विचारायचं ते त्यांच्याबद्दल.

दुसरी गोष्ट. एकाच मुलीचा फोटो तीन-तीन क्लासच्या फलकांवर दिसतो. एकीकडे ती दोन वर्षं शिकलेली असते, दुसरीकडे फक्त सराव परीक्षा दिलेली असते, तिसरीकडे एखादं शिबिर केलेलं असतं. यावर आता सरकारी नियम आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी सूचना काढल्या. निवड झाल्यानंतर त्या विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो वापरता येत नाही, आणि त्यानं नेमका कोणता कोर्स केला होता हे जाहिरातीत सांगावं लागतं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तर त्याआधीच्या आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलाला कोचिंगमध्ये घेऊ नये, नंबर लागण्याची हमी देऊ नये, आणि मूल मधेच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असं त्यात म्हटलं आहे. आठवीपासून ‘आयआयटी फाउंडेशन’ क्लास लावा म्हणणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

शाळेत किंवा कॉलेजात चौकशीला जाताना एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा. पाच प्रश्न कागदावर लिहून न्या.

एक, मागच्या वर्षी बारावीच्या वर्गात एकूण किती मुलं होती, आणि सरकारी एमबीबीएस, आयआयटी, सरकारी इंजिनिअरिंग इथे प्रत्यक्ष प्रवेश किती जणांना मिळाला?

दोन, दहावीला ७० ते ८० टक्के घेऊन आलेल्या मुलांचं पुढे काय झालं?

तीन, अकरावीला किती जण आले होते आणि बारावीपर्यंत किती जण टिकले?

चार, आमच्या मुलीच्या तुकडीला कोण शिकवणार, ते शिक्षक इथे किती वर्षं आहेत, आणि प्रयोगशाळा खरंच चालते का?

पाच, मधेच सोडावं लागलं तर फी किती परत मिळेल, हे लिहून द्याल का?

यांची सरळ उत्तरं देणारी शाळा फलक लहान असला तरी भरवशाची. ‘ताई, तुम्ही फक्त ॲडमिशन घ्या, बाकी आमच्यावर सोडा’ असं उत्तर आलं, तर चहा प्या आणि घरी या.

आपलं लेकरू कुठे आहे, हे कसं कळेल?

आता शाळा बाजूला ठेवू आणि लेकराकडे बघू. दहावीचे टक्के हे पहिलं माप, पण ते ढोबळ आहे. आपल्या बोर्डात पाच चांगल्या विषयांचे टक्के धरतात, शाळेच्या हातातले अंतर्गत गुण असतात, काही मुलांना खेळ-कलेचे जादा गुण मिळतात. म्हणून एकूण टक्क्यांऐवजी गणित आणि विज्ञानाचे लेखी गुण वेगळे काढून बघा. ९० टक्के एकूण आणि गणितात ६०, असं असेल तर इंजिनिअरिंगच्या मोठ्या परीक्षा जड जाणार हे आधीच ओळखावं.

दुसरं माप सराव पेपरचं, आणि हेच खरं माप. नीटला तीन तासांत १८० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक गुण वजा. समजा एका मुलीनं सगळे १८० प्रश्न सोडवले, शंभर बरोबर आले आणि ऐंशी चुकले. तिला मिळाले ४०० वजा ८०, म्हणजे ३२०. दुसरीनं फक्त १२० सोडवले, शंभर बरोबर आणि वीस चूक. तिला ४०० वजा २०, म्हणजे ३८०. दोघींना येत होतं सारखंच. पण दुसरीला आपल्याला काय येत नाही तेही ठाऊक होतं. साठ गुणांत हजारो मुलं पुढे निघून जातात. एमएचटी-सीईटीला मात्र चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

जुने पेपर मोफत मिळतात. एनसीईआरटीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात आणि नीटचा पाया तीच पुस्तकं आहेत. ‘साथी’ नावाचं केंद्र सरकारचं आणि आयआयटी कानपूरचं मोफत व्यासपीठ आहे, त्यावर धडे आणि सराव दोन्ही आहेत. घड्याळ लावून मुलाला महिन्यातून एक पूर्ण पेपर सोडवायला बसवा. आईला त्यातलं काही कळलं पाहिजे असं नाही. तारीख आणि गुण आपल्या गटाच्या वहीसारखे एका वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांत गुण वर चढतात का, तेवढंच बघा. सुरुवात कमी असून चढ चांगला असेल तर आशा धरायला जागा आहे. गुण जागच्या जागी राहत असतील तर कुठे अडतंय ते शिक्षकांना विचारा. फी वाढवून तो अडथळा आपोआप निघत नाही.

तिसरी गोष्ट पर्सेंटाइलची. यात पुष्कळ घरं फसतात. ‘मुलाला ९० पडले’ म्हणून पेढे वाटले जातात. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभर मुलांच्या रांगेत नव्वद आपल्या मागे आहेत आणि दहा पुढे, एवढाच त्याचा अर्थ. पण जेईई मेनची रांग पावणेपंधरा लाखांची असेल, तर पुढचे दहा टक्के म्हणजे दीड लाख मुलं झाली. २०२५ साली खुल्या गटातून ॲडव्हान्स्डला नुसतं बसायलाही ९३ च्या वर पर्सेंटाइल लागलं होतं.

नीटच्या गुणांनाही दर वर्षी वेगळं मोल असतं. २०२४ साली पैकीच्या पैकी ७२० मिळवणारी मुलं होती. २०२५ साली पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ पडले. म्हणून ‘अमक्याला मागच्या साली इतक्या गुणांवर लागलं’ या बोलण्यावर जाऊ नका. गुण नव्हे, क्रमांक बघा. कुठल्या कॉलेजात कोणत्या प्रवर्गाला शेवटची जागा किती क्रमांकावर गेली, याच्या याद्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. आपला प्रवर्ग, आपलं राज्य धरून ती यादी वाचा. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, १५ टक्के देशभरासाठी. देशाच्या रांगेत फार मागे दिसणारं मूल राज्याच्या आणि प्रवर्गाच्या रांगेत बरंच पुढे असू शकतं. त्यासाठी जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर हे कागद अकरावीतच तयार ठेवा. गुण असून कागदापायी जागा गेली, असं व्हायला नको.

मराठी माध्यमाच्या मुलांनी मनात धास्ती धरू नये. नीट आणि जेईई मेन दोन्हींचा पेपर मराठीतही मिळतो. पुढे कॉलेजात इंग्रजी लागतंच, पण ते अकरावी-बारावीत हळूहळू जमवता येतं. त्यासाठी पहिलीपासून फी भरायला हवी असं नाही.

पैशाचा हिशेब

समजा, एखाद्या मुलाची शक्यता घरी राहून शंभरात एक आहे आणि महागड्या कॉलेजानं ती शंभरात दोन झाली. जाहिरात म्हणेल, संधी दुप्पट! खरंच दुप्पट झाली. पण अठ्ठ्याण्णव शक्यता अजूनही नंबर न लागण्याचीच आहे, आणि तेव्हाही कर्ज फेडायचंच आहे. गटातून महिना शेकडा दोन रुपये व्याजानं एक लाख घेतले आणि वर्षभर मुद्दल तसंच राहिलं, तर वर्षाचं व्याजच चोवीस हजार होतं. वर वसतिगृह, जेवण, पुस्तकं, येण्या-जाण्याचं भाडं, परीक्षांची फी. दोन वर्षांचा सगळा आकडा एका कागदावर मांडल्याशिवाय सही करू नका. आणि कॉलेजला प्रवेश मिळाल्यावर खरा खर्च सुरू होतो, त्याला शिल्लक ठेवा. तयारीत सगळं दावणीला बांधलं आणि जागा मिळाल्यावर पहिल्या वर्षाची फी नाही, ही वेळ कुणावर येऊ नये.

फुकटचे चांगले रस्तेही बघून घ्या. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या दहावी झालेल्या मुलांना नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट, सीईटीचं मोफत प्रशिक्षण देते. बार्टी, सारथी या संस्थांच्या योजनांचीही समाजकल्याण कार्यालयात किंवा संकेतस्थळावर चौकशी करा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. एका घरात दोन लेकरं असली की मुलगा बसनं खासगी शाळेत आणि मुलगी चालत गावच्या शाळेत, असं आपल्याकडे अजून दिसतं. कर्ज काढायचं तेही मुलासाठी. मैत्रिणींनो, सराव पेपरची वही दोघांची ठेवा आणि जिचे गुण चढतात तिच्याकडे बघा. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या आहेत. आपल्या राज्यात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी प्रवेश फेरीतून जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी कॉलेजातही, फक्त व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश नको. लेकीला शिकवणं महाग पडतं, हे कारण आता पुष्कळ घरांत उरलेलं नाही.

एकाच दारावर डोकं आपटू नये

आयआयटी आणि एमबीबीएस ही दोनच दारं नाहीत. एमएचटी-सीईटीवर राज्यातली इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी पदवी मिळते. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय ही मोठी नावं याच परीक्षेतून गाठता येतात. बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी आहे. नीटच्याच गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथीला जाता येतं. दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतनात पदविका करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणारी कितीतरी मुलं आहेत. मुलाबरोबर बसून तीन ओळी लिहा : वरचं दार, मधलं दार, हमखास दार. तिन्ही दारं त्याला पसंत असली पाहिजेत. हमखास दाराची त्याला लाज वाटेल असं घरात कुणी बोलू नये.

कारण या सगळ्या हिशेबात सगळ्यात मौल्यवान ते लेकरूच आहे. ‘तुझ्यासाठी दागिने मोडले’ हे वाक्य आईच्या तोंडून सहज जातं, पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या उरावर ते दगडासारखं बसतं. मूल जेवेनासं झालं, झोप उडाली, बोलायचं बंद झालं, तर अभ्यास थांबवून आधी त्याच्याशी बोला. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतही बोलता येतं. आई-वडीलही फोन करू शकतात. ऐंशीतल्या एकाला जागा मिळते, तेव्हा उरलेले एकोणऐंशी नालायक नसतात. जागाच कमी असतात.

येत्या बैठकीत एक काम करा. तालुक्यातल्या दोन-तीन शाळा-कॉलेजांची माहितीपत्रकं आणा, ज्या ताईला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावीत, आणि प्रत्येक आकड्यापुढे सगळ्यांनी मिळून विचारावं, ‘कितीपैकी?’ जिथे उत्तर सापडत नाही, तिथे खूण करा आणि ती खूण घेऊन चौकशीला जा. फीसाठी कर्ज मंजूर करायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.